ऊर्जाबचतीच्या घरांच्या सवलती टिकवाव्यात: नागपुरातून एक खुले पत्र

प्रति,
माननीय प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
माननीय आयुक्त, नागपूर महानगरपालिका

विषय: कमी ऊर्जेत राहता येईल अशा घरांना मिळणाऱ्या कर व बांधकामविषयक सवलती कायम ठेवण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी नागपुरात गेली सव्वीस वर्षे वास्तुविशारद म्हणून काम करते. मोठी संकुले माझ्या वाट्याला क्वचितच आली. बेसा, हुडकेश्वर, मानेवाडा, झिंगाबाई टाकळी या बाजूंच्या लेआउटमध्ये हजार-दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट घेऊन आयुष्यात एकदाच घर बांधणारी कुटुंबे माझ्याकडे येतात आणि त्यांच्याच घरांचे नकाशे मी काढते. ऊर्जा कमी लागेल अशा रीतीने बांधलेल्या घराला शासन आणि महापालिका ज्या सवलती देतात, म्हणजे मालमत्ता करातील सूट असो वा प्रोत्साहनपर चटईक्षेत्र (प्लॉटवर बांधायला मिळणारे जादा क्षेत्र), त्या टिकवाव्यात, त्यांची मुदत आधीच जाहीर करावी आणि ज्याने त्यांच्या भरवशावर बांधकाम काढले त्याच्यापुरत्या तरी त्या मध्येच काढून घेऊ नयेत, एवढ्या एका विनंतीसाठी मी हे पत्र लिहीत आहे. करांच्या रचनेत सवलती कमी करून दर साधे ठेवण्याकडे सध्या सर्वत्र कल आहे. त्यामागचा विचार मला समजतो. पण घराच्या बाबतीत तो जसाच्या तसा लावू नये, असे मला माझ्या कामातून वाटत आले आहे.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो याचे आता कोणाला नवल वाटत नाही. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. घरात राहणाऱ्याचा त्रास मात्र या आकड्यात पुरता दिसत नाही. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि संध्याकाळपासून ती उष्णता खोलीत सोडू लागतो. बाहेरचा वारा जरा निवतो तेव्हा, रात्री अकरा वाजता, वरच्या मजल्यावरच्या खोलीत छताला हात लावून पाहिला तर ते गरमच असते. म्हणून आमच्याकडे कूलर रात्रभर चालतात, आणि नवतपा सरून मिरगाची दमट हवा सुरू झाली की कूलरचाही उपयोग उरत नाही. मग ज्याला परवडते तो एसी घेतो, आणि ज्याला परवडत नाही तो गच्चीवर पाणी शिंपडून तिथेच अंथरूण टाकतो. महापालिकेने २०१६ पासून उष्माघात रोखण्यासाठी कृती आराखडा राबवायला घेतला, तो आवश्यकच होता. पण इशारे, पिण्याचे पाणी आणि रुग्णालयांची तयारी यांनी माणसाचे रक्षण होते ते बहुतांशी घराबाहेर. म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे दुपार काढतात ती घरातच, त्याच स्लॅबखाली.

महाल आणि इतवारीतल्या जुन्या घरांना हातभर रुंद मातीच्या भिंती, वर कवेलू आणि पुढे पडवी असे. माझे बालपण अशाच एका घरात गेले. माकडांनी कवेलू सरकवले की पावसाळ्यात कुठे कुठे भांडी ठेवायची हे आम्हा मुलांना पाठ असे, त्यामुळे त्या घरांकडे परत चला असे मी कोणाला सांगणार नाही. पण मे महिन्याच्या दुपारी त्या घरात झोप लागत असे. काँक्रीट आणि विटांच्या घरातही ती लागू शकते. त्यासाठी बांधणारा सुरुवातीपासून ठरवून बांधत असला पाहिजे, एवढेच.

ठरवून बांधायचे म्हणजे काय, हे शास्त्राने आता नेमके मांडले आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. तिच्यानुसार छताचे यू-मूल्य, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत शिरते याचे माप, १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विनच्या वर असू नये, आणि नागपूरसारख्या संमिश्र हवामानाच्या शहरात भिंती व खिडक्या मिळून बाहेरच्या आवरणातून आत येणारी उष्णता १५ वॅट प्रति चौरस मीटरच्या आत राहावी. नुसत्या उघड्या स्लॅबचे यू-मूल्य तीनच्या वर असते. त्यावर दोन इंचांच्या उष्णतारोधक पाट्या अंथरून, वर कोबा करून, पांढऱ्या चायना मोझॅकची फरशी बसवली की ते या मर्यादेच्या बरेच आत येते. पश्चिमेच्या भिंतीला साध्या विटेऐवजी हलके एएसी ब्लॉक (राख आणि सिमेंटचे, आत हवेची बारीक छिद्रे असलेले ठोकळे), खिडक्यांवर खरोखर सावली पडेल इतके रुंद छज्जे आणि समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या, एवढे केले तर आमच्या लेआउटमधले साधे घरही उन्हाळ्यात बरेच सुसह्य होते. यातले काहीही परदेशातून आणावे लागत नाही. एएसी ब्लॉकमध्ये जाणारी राख तर कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतून रोज बाहेर पडते.

मग लोक हे का करत नाहीत? काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. भविष्यनिर्वाह निधीतून आलेली रक्कम आणि मुलाच्या नावावर काढलेले थोडे कर्ज, एवढ्यात घर बसवायचे होते. नकाशात मी स्लॅबवरच्या पाट्या आणि पांढरी फरशी धरली होती. काम चालू असताना लोखंडाचा भाव चढला, ठेकेदाराने वाढीव अंदाज दिला आणि काय काय वगळता येईल याची यादी करायला आम्ही बसलो. स्वयंपाकघरातला ओटा वगळता येत नव्हता, दरवाजे वगळता येत नव्हते. सर म्हणाले, “मॅडम, ते वरच्या पाट्यांचं राहू द्या, ते काही दिसत नाही. नंतर पाहू.” तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी वरच्या दोन्ही खोल्यांत एसी बसवले. पाट्या आता घालायच्या तर गच्चीवरची टाकी, पाइप आणि वॉटरप्रूफिंग सगळे उचकटावे लागेल, आणि खर्च मूळच्या खर्चापेक्षा पुष्कळच जास्त होईल. सरांची चूक काढण्याचा माझा हेतू नाही. हातात मोजके पैसे असलेला माणूस जे डोळ्यांना दिसते त्यावर ते खर्च करतो. बांधकाम चालू असताना हा निर्णय घेण्याचे दिवस थोडेच असतात आणि ते एकदा गेले की पुन्हा येत नाहीत. त्या दिवसांत घरमालकाच्या हिशेबात पाट्यांच्या बाजूने एखादी ठोस रक्कम मांडता आली, दरवर्षीच्या घरटॅक्समध्ये इतकी सूट मिळेल असे मला लेखी दाखवता आले असते, तर ती यादी वेगळी झाली असती असे मला आजही वाटते.

बिल्डरच्या फ्लॅटमध्ये अडचण आणखी खोल आहे. तिथे पाट्यांचे पैसे बिल्डर देतो आणि विजेचे बिल पुढची अनेक वर्षे दुसराच भरतो. शिवाय १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवर ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घरांवर १ टक्का, असा वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा बिल्डरला मिळणारी साहित्यावरील कराची वजावट बंद झाली. म्हणजे उष्णतारोधक साहित्यावर भरलेला १८ टक्के कर हा त्याच्यासाठी निव्वळ खर्च ठरतो आणि न दिसणारा खर्च तो सर्वांत आधी कापतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि सौर उपकरणांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर. एसी स्वस्त झाल्याने सामान्य कुटुंबांना दिलासा मिळाला आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. परंतु खोलीतली उष्णता बाहेर फेकणारे यंत्र आणि ती उष्णता मुळात आत येऊच न देणारे आवरण यांच्यावर आज सारखाच कर आहे. वस्तू व सेवा कर परिषदेत राज्याचा आवाज आहे. उष्णतारोधक बांधकाम साहित्यही सौर उपकरणांच्या पंक्तीत बसवावे, हा मुद्दा विदर्भाच्या वतीने तिथे मांडला जावा, अशी नगरविकास विभागाने वित्त विभागाकडे शिफारस करावी.

मिळणाऱ्या सवलती किती विरळ आहेत हे पाहिले म्हणजे त्या जपण्याची निकड कळते. राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, जी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली आणि नागपुरालाही लागू आहे, हरित इमारतींना मूळ चटईक्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के प्रोत्साहनपर चटईक्षेत्र मिळते. ‘गृह’ या हरित इमारतींच्या मानांकनाचे तीन, चार किंवा पाच तारे, अथवा आयजीबीसी म्हणजे भारतीय हरित इमारत परिषदेची रौप्य, सुवर्ण किंवा प्लॅटिनम श्रेणी, यांवरून ते प्रमाण ठरते. आधी प्रमाणपत्र घेऊन जादा क्षेत्र बांधायचे आणि शेवटी ती श्रेणी गाठायची नाही, असे कोणी केले तर न गाठलेल्या श्रेणीच्या चटईक्षेत्रासाठी रेडी रेकनरप्रमाणे जमिनीच्या किमतीच्या दुप्पट दंडाची तरतूद त्याच नियमात आहे. हा नियम मला अतिशय समतोल वाटतो, तो कोणत्याही फेरबदलात सैल होऊ नये आणि वगळलाही जाऊ नये. पण त्याचा लाभ मुख्यतः मोठ्या प्रकल्पांनाच घेता येतो. दीड हजार फुटांच्या प्लॉटवरचा घरमालक प्रमाणपत्राचे शुल्क आणि सल्लागाराची फी भरून ३ टक्के चटईक्षेत्र मिळवायला जाणार नाही. त्याला ते वापरायला जागाही नसते. त्याच्यापर्यंत पोहोचणारे शासनाचे एकच साधन आहे आणि ते म्हणजे घरटॅक्सचे बिल.

सक्तीचा कायदाही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने निवासी इमारती संहितेच्या कक्षेत आणल्या, परंतु १०० किलोवॅट जोडभार (इमारतीतल्या सर्व उपकरणांचा मिळून विजेचा भार) किंवा १२० केव्हीए करारित मागणी (वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी) ही तिची उंबरठ्याची पातळी आहे. आमच्या लेआउटमधले दुमजली घर त्याच्या आसपासही जात नाही. सक्ती करू नये हेच बरोबर आहे, कारण जेमतेम पैसे जमवून बांधणाऱ्याच्या गळ्यात आणखी एक परवाना बांधणे अन्यायाचे होईल. पण सक्ती नाही आणि सवलतही नाही अशी स्थिती आली, तर या शहरातली बहुसंख्य नवी घरे धोरणाच्या बाहेरच राहतील.

मालमत्ता करात सूट देण्याचा अनुभव आपल्याच राज्यात आहे. पुणे महापालिकेने सौर उपकरणे, गांडूळखत आणि पावसाच्या पाण्याची साठवण यांपैकी एक सोय असलेल्या घराला ५ टक्के आणि दोन असल्यास १० टक्के सूट दिली. पिंपरी-चिंचवडने गृह मानांकन मिळवलेल्या इमारतींसाठी एक पाऊल पुढे टाकत बिल्डरला बांधकाम परवानगीच्या अधिमूल्यात (प्रीमियममध्ये) आणि राहणाऱ्याला मालमत्ता करात अशी दोघांनाही सवलत देऊ केली. पैसे खर्च करणारा आणि लाभ घेणारा वेगळे असतात ही अडचण ओळखून केलेली ती रचना आहे. नागपुरात याच धर्तीवर, पण छत आणि पश्चिमेची भिंत यांना मध्यवर्ती ठेवून विचार व्हावा. पुण्यापेक्षा आमचे ऊन वेगळे आहे, तेव्हा सवलतीच्या अटीही वेगळ्या असाव्यात. पाणी तापवणाऱ्या सौर संयंत्राला सूट मिळते आणि छत थंड ठेवणाऱ्या आवरणाला मिळत नाही, हे निदान विदर्भात तरी उलटे आहे.

सवलतींविरुद्धचा सर्वांत खरा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. गच्चीवर गंजलेली सौर संयंत्रे, पाला आणि सिमेंटच्या गोण्यांनी भरलेले पुनर्भरणाचे खड्डे आणि तरीही कागदोपत्री चालू असलेली सूट. अशा घरांची सूट थांबवली पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण नादुरुस्त संयंत्रामुळे साऱ्यांची सवलत बंद करणे हा त्यावरचा इलाज नव्हे. छताचे आवरण आणि भिंतीचा ब्लॉक यांचे एक वैशिष्ट्य असे की त्यांना चालू ठेवावे लागत नाही. एकदा घातले की इमारत उभी आहे तोवर ते काम करतात. त्यांची तपासणी भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी एकदाच पुरेशी आहे. स्लॅबवर पाट्या अंथरल्या जात असतानाची छायाचित्रे, साहित्याचे बिल आणि नोंदणीकृत वास्तुविशारदाचे स्वाक्षरीचे विधान हे दाखल करून घेता येईल, आणि विधान खोटे निघाल्यास त्या वास्तुविशारदावर कारवाई व्हावी. माझ्या व्यवसायातल्या माणसांवर ही जबाबदारी टाकावी असे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे.

महापालिकेच्या उत्पन्नाचा प्रश्नही खरा आहे. रस्ते, पाणी, मलनिस्सारण यांचा खर्च याच करातून निघतो, आणि सवलतीचा लाभ राज्याच्या वीजव्यवस्थेला आणि देशाच्या कोळशाच्या हिशेबाला अधिक होतो. म्हणून या सवलतीचा भार एकट्या महापालिकेने सोसू नये, राज्याने त्याची भरपाई अनुदानातून करावी. मार्च २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यानुसार २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशातील इमारतींची शीतकरणाची मागणी सुमारे अकरा पट होईल. ही वाढलेली मागणी पुरवायची तर वीजकेंद्रे कुठे तरी उभी राहावी लागतात, आणि त्यांची राख, धूर व पाण्याची ओढ काय असते हे कोराडी-खापरखेड्याच्या शेजारच्या गावांना कोणी सांगायला नको. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांत शिरला होता. मे महिन्याच्या दुपारी नागपुरातला एसी कमी वेळ चालला तर त्याचा पहिला दिलासा नागपूरच्याच वेशीवरच्या माणसांना मिळतो.

घरावर सौर पॅनेल बसवण्यासाठी शासनाने फार मोठे काम केले आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि नागपूर जिल्हा त्यात राज्यात आघाडीवर राहिला याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनासाठी २०१९ ते २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत प्राप्तिकराची वजावट मिळाली. वीज तयार करणाऱ्याला साहाय्य मिळते, वाहन बदलणाऱ्याला मिळाले. वीज कमी लागेल असे घर बांधणाऱ्याच्या वाट्याला मात्र अजून फारसे काही आलेले नाही. तापलेल्या उघड्या स्लॅबवर पॅनेल बसवून खाली दोन एसी चालवणे म्हणजे तळ फुटलेल्या रांजणात पाणी भरत राहणे आहे. पॅनेल हवेतच, आधी रांजण सांधावा.

सवलत किती टक्के, यापेक्षाही ती किती काळ टिकेल याचा भरवसा मला अधिक मोलाचा वाटतो. नकाशा मंजुरीपासून भोगवट्यापर्यंत मोठ्या इमारतीला तीन-चार वर्षे सहज लागतात. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरांना १९७० पासून मिळणारी मालमत्ता करातील ४० टक्के सूट मध्यंतरी बंद झाली, आणि राज्य शासनाच्या निर्णयाने २०२३ मध्ये ती पुन्हा द्यावी लागली. त्या मधल्या काळात नागरिकांना किती मनस्ताप झाला हे आपल्या विभागाला माहीत आहेच. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने ऊर्जाकार्यक्षम घर बांधणाऱ्याला प्रत्येक घरामागे २,००० डॉलरपर्यंत करात सूट सुरू झाली. तिची मुदत अनेकदा संपली आणि मागाहून मागच्या तारखेपासून वाढवली गेली. २०२२ मध्ये ती ५,००० डॉलरपर्यंत नेऊन २०३२ अखेरपर्यंत देण्याचे ठरले, आणि जुलै २०२५ मध्ये नव्या कायद्याने ती ३० जून २०२६ नंतर थांबवायचे ठरवले. तिथले बिल्डर श्रीमंत आहेत, ते सावरतील. आमचा शिक्षक, आमचा रेल्वेतला कर्मचारी असा धक्का सोसू शकत नाही, आणि एकदा फसल्याची भावना झाली की त्याचे शेजारीही पुन्हा अशा कोणत्या योजनेवर विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा सवलत थोडी कमी द्यायची असेल तर कमी द्यावी, पण किमान दहा वर्षांसाठी द्यावी. ज्या तारखेला नकाशा मंजूर झाला त्या तारखेचा नियम त्या घराला शेवटपर्यंत लागू राहील, हे वाक्य ठरावात स्पष्ट शब्दांत असावे.

राज्याचे सरकार दरवर्षी हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येते, तेव्हा डिसेंबरची हवा आल्हाददायक असते. आपल्या विभागातील अधिकाऱ्यांनी हा निर्णय घेण्यापूर्वी एकदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. हुडकेश्वरच्या एकाच गल्लीत, एकाच वर्षी बांधलेली, सारख्याच आकाराची दोन घरे मी दाखवीन. एकाच्या स्लॅबवर पाट्या आहेत, दुसऱ्याच्या नाहीत. दोन्ही घरांतल्या लोकांची परवानगी मी घेऊन ठेवली आहे. रात्री दहा वाजता आपण दोन्ही घरांच्या वरच्या खोलीत थोडा वेळ बसावे, त्यांची विजेची बिले पाहावीत आणि त्यानंतर या सवलतींचे काय करायचे ते ठरवावे.

आपली विश्वासू,
एक वास्तुविशारद, नागपूर